नवं मेनसेल कुणाकडून शिवून घ्यावं? २७ फुटी बोट, हातात तीन कोटेशनं

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार मंडळी. मी नाशिकचा, अंबड एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. बोट मात्र मुंबई बंदरात. मुंबईला कॉलेजात असताना एनसीसीच्या नौदल शाखेत एंटरप्राइझ डिंगी चालवायला शिकलो आणि ते वेड पुढे तीस वर्षं मनात राहिलं. चार वर्षांपूर्वी मेहुण्याने आणि मी मिळून ही २७ फुटी फायबरची जुनी स्लूप (एका डोलकाठीची शिडाची बोट) घेतली. ऑक्टोबर ते मे, महिन्यातले दोन शनिवार पहाटे चारला कसारा घाट उतरायचा, नऊला नांगर उचलायचा, रविवारी रात्री परत. शर्यतीत आम्हाला रस नाही. मांडवा, खांदेरी, मुरुड आणि सगळं जमलं तर पुढच्या हिवाळ्यात गोवा, एवढंच.

मेनसेल, म्हणजे डोलकाठीमागचं मुख्य शीड, आता संपलंय. फेब्रुवारीत खांदेरीच्या पश्चिमेला दुपारचा वायव्येचा वारा चढला. आम्ही पहिला रीफ घेतला, म्हणजे शीड खालून थोडं गुंडाळून लहान केलं, आणि घेता घेता वरून दुसऱ्या बॅटनच्या (शिडाला ताठ ठेवणाऱ्या पट्टीच्या) खिशाशेजारची शिवण हातभर उसवली. कापड शाबूत होतं, दोरा गेला होता. त्याआधी दोन सीझन मला जाणवत होतं की शिडाचं पोट मागे सरकलंय. बोट कलते खूप, पुढे सरकते कमी, आणि टिलर (सुकाणूचा दांडा) छातीशी ओढून धरावा लागतो. मेहुण्याचा खांदा त्यानेच धरला.

सध्या पावसाळ्यामुळे बोट यार्डात आहे, डोलकाठी उतरवून घोड्यांवर आडवी ठेवलीय. शीड मी नाशिकला घेऊन आलो. आषाढात लग्नं नसतात, म्हणून नाशिकरोडला ओळखीच्यांचं मंगल कार्यालय रिकामं मिळालं. फरशी दोनदा पुसून घेतली आणि तिथे ते पूर्ण पसरलं. लफ, म्हणजे डोलकाठीलगतची कड, ९.६ मीटर आणि फूट, म्हणजे खालची कड, ३.१ मीटर भरला. कापडावर हात फिरवला तर खालच्या भागात ते रुमालासारखं मऊ झालंय.

तीन कोटेशनं आली आहेत. पहिलं एका मोठ्या नावाच्या कंपनीचं, १ लाख ९० हजार, वर वाहतूक. दुसरं परदेशातल्या एका मोठ्या लॉफ्टचं (शिडं शिवणाऱ्या कारखान्याचं), १ लाख ३० हजार, त्यातही वाहतूक आणि सीमाशुल्क धरलेलं नाही. तिसरं मुंबईतल्या एका कारखान्याचं, ८५ हजार. तिथे छत, ताडपत्री, बोटीची कव्हरं आणि मागणी आली तर शिडंही शिवतात. पहिले दोघे ६.५ औंसाचं डेक्रॉन म्हणतात. तिसरे म्हणतात, २२० जीएसएमचं चांगलं जाड पॉलिएस्टर. यांची तुलना करायची कशी? आणि फुल बॅटन (शिडाच्या पूर्ण रुंदीचे) घ्यावेत का, रीफ दोन की तीन? ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत शीड हातात हवंय.

खांदेरी उत्तर (मुंबई)

गोदाकाठ, सगळ्यात आधी एक सांगा. जी ९.६ आणि ३.१ ही मापं तुम्ही लिहिलीत, ती जुन्या शिडाची आहेत की डोलकाठी आणि बूमची (शिडाच्या तळाच्या आडव्या दांड्याची)? शिडाची असतील तर ती कुणालाही पाठवू नका. पाठवली असतील तर आजच कळवा की थांबा.

हे इतक्या कळवळ्याने सांगतोय कारण माझं नुकसान झालंय. पहिल्या बोटीला नवं शीड मागवताना मीही जुनं शीड गच्चीवर पसरलं आणि टेप लावून आकडे पाठवले. दहा-बारा वर्षं ताणलेलं कापड लांबलेलं असतं आणि बोल्टरोप (शिडाच्या कडेला शिवलेला दोर) आखडलेला असतो. दोन्ही मापं खोटी. नवं शीड आलं, हॅलयार्ड (शीड वर ओढायचा दोर) पार वरच्या पुलीला टेकला तरी लफ सैलच. पंधरा सेंटिमीटर जास्त. शिवणाऱ्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. परत पाठवायचा खर्च माझ्याच माथी आला आणि तो हिवाळा गेला.

म्हणून माझं मत असं की शिवणारा निवडताना आधी तो तुम्हाला काय विचारतो ते पाहा. किंमत नंतर. बोटीची जात आणि लांबी ऐकून लगेच आकडा सांगणारा माणूस त्याच्या संगणकातल्या साच्यातून शीड काढणार. तुमच्या बोटीचं शीड शिवणारा विचारेल: बूम जिथे डोलकाठीला मिळते तिथे टॅकची (शिडाच्या पुढच्या खालच्या कोपऱ्याची) पिन डोलकाठीपासून किती मागे आहे आणि किती वर? स्लाइड (शिडाची कड डोलकाठीच्या खाचेत धरणारे तुकडे) कोणत्या मापाच्या, गोल की चपट्या? स्लाइड आत घालायची फट बूमपासून किती उंच? रीफचे हूक कुठे आहेत? बॅकस्टे (डोलकाठीला मागून धरणारी तार) शिडाच्या मागच्या कडेपासून किती लांब? डोलकाठी किती वाकते?

शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा. मेनसेलची पुढची कड सरळ कापत नाहीत, तिला बाक देतात. त्या बाकातलं काही कापड डोलकाठीच्या वाकण्यात जिरतं आणि उरलेल्याचं पोट होतं. बाकीचं पोट पट्ट्यांच्या जोडांना बारीक गोलाई देऊन शिवतात. डोलकाठी ठरवल्यापेक्षा जास्त वाकली तर पोट सपाट होऊन क्लूपासून (मागच्या खालच्या कोपऱ्यापासून) डोलकाठीच्या मधोमध तिरप्या सुरकुत्या पडतात. कमी वाकली तर सगळं पोट पुढे गोळा होतं. तेव्हा जो हे विचारतच नाही, त्याने तुमच्या डोलकाठीचा विचार केलेला नाही.

आता औंसाचं. इथे पुष्कळजण फसतात. शिडाच्या कापडाचा औंस वेगळा असतो: ३६ इंच बाय २८.५ इंच तुकड्याचं वजन. तो एक औंस म्हणजे साधारण ४३ ग्रॅम दर चौरस मीटर. म्हणजे ६.५ औंस म्हणजे २८० ग्रॅमच्या आसपास. चौरस यार्डाचा औंस धरला तर तेच ६.५ फक्त २२० ग्रॅम होतात. तुमच्या तिसऱ्या कोटेशनचा आकडा नेमका २२० आहे, त्यामुळे मला वाटतं त्यांनी इतरांचं ६.५ ऐकलं आणि कोष्टकातून चौरस यार्डाचं रूपांतर लावलं. मनात खोट नसेलही, पण या धंद्यातला रोजचा माणूस असं करत नाही. तुमच्या आकाराच्या, किनाऱ्यालगत फिरणाऱ्या बोटीला ६.५ ते ७ शिडाचे औंस योग्य. गोव्याचा विचार असेल तर मी ७ घेईन.

रीफ दोन, पण दुसरा खोल. पावसाळ्यात तुम्ही बाहेर पडणार नाही, त्यामुळे तिसऱ्याचा दोरखंड आणि पैसा वाचवा. दुसरा रीफ घेतल्यावर शीड खरंच लहान झालं पाहिजे, एवढं मात्र स्पष्ट लिहून द्या. बरीच तयार शिडं दुसऱ्या रीफलाही मोठीच राहतात.

माग आणि धोटा (येवला)

मला बोटीतलं काही कळत नाही, समुद्र दोनदा पाहिलाय. पण कापड कळतं. घरात पैठणीचे हातमाग, आणि मधली आठ वर्षं मी मालेगावला यंत्रमागावर पॉलिएस्टर काढलंय. हा विषय वाचला आणि राहवलं नाही.

कोणतंही कापड ताण्याच्या (उभ्या धाग्याच्या) दिशेने ओढा, बाण्याच्या (आडव्या धाग्याच्या) दिशेने ओढा, ते फार लांबत नाही. तिरकं ओढा, कोपऱ्यातून कोपऱ्यात, लगेच चौकोनाचा शंकरपाळा होतो. तुमच्या शिडाचं पोट मागे सरकलं ते यामुळेच असणार, कारण वारा काही धाग्याच्या रेषेत ढकलत नाही. आणि साध्या मागावर ताण्याचा धागा बाण्याच्या वरखाली नागमोडी जातो. ओढलं की आधी ती नागमोड सरळ होते, तेवढं कापड लांबतंच. धागा कितीही मजबूत असो.

माझा प्रश्न खांदेरी काकांना: शिडाच्या कापडात ताणा जाड ठेवतात की बाणा? आणि विणल्यावर त्याला काय करतात? कारण आमच्याकडून निघालेलं कोरं पॉलिएस्टर आणि तुम्ही म्हणता ते कडक डेक्रॉन, दोन्ही एकाच जातीचे धागे असूनही हाताला वेगळे लागणार.

खांदेरी उत्तर (मुंबई)

येवल्याच्या दादांनी अगदी मर्मावर बोट ठेवलं. डेक्रॉन हे मुळात ड्युपाँटचं व्यापारी नाव, वस्तू पॉलिएस्टरच. फरक विणीत आणि विणल्यानंतर. शिडाचं कापड मागावरून उतरल्यावर धुतात, उष्णता देऊन आक्रसवतात म्हणजे वीण घट्ट बसते, राळेसारख्या रेझिनमध्ये बुडवतात आणि तापलेल्या रुळांमधून दाबून काढतात. तिरक्या दिशेची लवचीकता या सगळ्याने आवळली जाते. ताडपत्रीच्या पॉलिएस्टरला पाणी अडवायचं लेपन असतं, त्याने आकार धरून ठेवायचं काम होत नाही.

ताणा-बाण्याचं असं: साध्या क्रॉसकट मेनसेलमध्ये पट्ट्या मागच्या कडेला, म्हणजे लीचला, काटकोनात बसवतात. सर्वांत मोठा ताण लीचच्या रेषेत येतो, म्हणजे तो बाण्यावर पडतो. म्हणून अशा कापडात बाणा जाड आणि सरळ ठेवतात, ताणा बारीक, आणि नागमोड सगळी ताण्याच्या वाट्याला. रेडियल कापणीत पट्ट्या कोपऱ्यांतून पंख्यासारख्या निघतात, तिथे ताण्यावर भार देणारं कापड लागतं. गोदाकाठ, तुमचं शीड उंच आणि अरुंद आहे, लफ फुटाच्या तिपटीहून जास्त. त्याला खास उंच शिडांसाठीचं जाड बाण्याचं कापड हवं. दोन्ही लॉफ्टना विचारा की कापडगिरणी कोणती आणि त्या कापडाचं नेमकं नाव काय. चॅलेंज, कंटेंडर, डायमेन्शन-पॉलियंट, बेनब्रिज अशी गिरणीची नावं उत्तरात आली तर पुढची चौकशी करता येते. 'उत्तम प्रतीचं डेक्रॉन' एवढंच उत्तर आलं तर समजून घ्या.

क्रॉसकटच घ्या. रेडियलला जास्तीचे पैसे लागतात आणि शनिवार-रविवारच्या फिरण्यात तो फरक तुमच्या पदरात पडणार नाही.

कॅनव्हासताई (देवळाली कॅम्प)

गोदाकाठ दादा, मी पिशव्या, जीपची हुडं आणि द्राक्षबागांच्या शेडची कापडं शिवते, गेली एकोणीस वर्षं. शीड कधी शिवलं नाही, पण दोरा कसा कुजतो ते रोज बघते. ऊन आधी दोऱ्याला खातं, कापडाला नंतर. कापड कडक असलं की टाका त्यात रुतत नाही, वर उठून राहतो, आणि सगळं ऊन त्याच्यावर. तुमच्या शिवणीवर अंगठ्याचं नख जोरात घासून पाहा. टाके पिठासारखे तुटले तर बाकीच्या शिवणीही त्याच वाटेवर आहेत, एकच दुरुस्त करून भागणार नाही.

कोटेशन घेताना विचारा की शिवण दुहेरी झिगझॅग की तिहेरी, आणि दोरा कोणता. उन्हाने न कुजणारा पीटीएफईचा दोरा मिळतो, महाग असतो, पण तुमच्यासारखं शीड जर महिनाभर बूमवर पडून राहणार असेल तर मी तोच मागेन. निदान कोपऱ्यांना आणि लीचला.

आणि शिडाला झाकण आहे का? नाशिकच्या बागाईतदाराला विचारा, दोन उन्हाळ्यांत क्रॉप कव्हरचं काय होतं. समुद्रावर तर खालून पाण्याची चकाकीही लागते. रंगवलेल्या धाग्याचं अ‍ॅक्रिलिक कापड आणा, झाकण मी शिवून देईन. बूमचं माप आणि डोलकाठीचा घेर लागेल.

गोदाकाठ (नाशिक)

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, ती मापं शिडाचीच होती. तुमचा निरोप वाचला त्याच दुपारी तिघांना कळवलं की थांबा.

ताई, नख घासलं. वरच्या तीन शिवणी नुसत्या घासण्याने उसवल्या. खालच्या, ज्या घडीच्या आत राहायच्या, त्या ठणठणीत आहेत. म्हणजे ऊनच.

येवल्याच्या दादांचं वाचून एक प्रयोग केला. जुन्या शिडाचा एक पट्टा क्लूजवळचा आणि एक पार वरचा, दोन्ही तिरके धरले आणि शॉपमधल्या स्प्रिंग काट्याने सारख्याच वजनाने ओढले. क्लूजवळचा ठसठशीत जास्त लांबला. मग तिसऱ्या कोटेशनवाल्यांकडून कापडाचा हातभर नमुना मागवला होता, तोही ओढला. तो नवा कोरा, तरीही माझ्या जुन्या वरच्या पट्ट्यापेक्षा जास्त लांबला. त्यांच्याशी बोललो. माणूस सरळ आहे, म्हणाला की साहेब, आम्ही शिडं मुलांच्या लहान बोटींची शिवतो, इतकं मोठं वर्षातून एखादं, आणि कापड आम्ही छतांचंच वापरतो. हे त्याने आपणहून सांगितलं याचं मला फार बरं वाटलं.

बाकीच्या दोघांना मी एकच पत्र पाठवलं. कापडाचं नाव, दोरा, दुसऱ्या रीफची खोली, शीड बसलं नाही तर दुरुस्ती आणि दोन्ही बाजूंची वाहतूक कुणाकडे. आणि मुद्दाम मापं दिली नाहीत, फक्त लिहिलं की मापं कशी घ्यायची ते तुम्ही सांगा. मोठ्या नावाच्या कंपनीकडून दोन दिवसांत तोच आकडा पुन्हा आला, सोबत छापील माहितीपत्रक. दुसऱ्या लॉफ्टकडून चार दिवस काही नाही आणि मग चार पानी फॉर्म, अठरा मापं, प्रत्येकाला आकृती, आणि खाली एका माणसाने स्वतः लिहिलेले तीन प्रश्न. डोलकाठी आडवी आहे म्हणता, मग गेल्या सीझनचा बूमच्या मध्यातून वर काढलेला फोटो आहे का? बॅकस्टे ताणायची सोय आहे का? बोट दिवसभर उन्हात उघडी असते की झाकलेली?

फोटो होता. मेहुण्याने जानेवारीत गंमत म्हणून आडवं पडून काढलेला. त्यात शिडाच्या आडव्या शिवणींवरून पोट कुठे गेलंय ते स्पष्ट दिसतं, अर्ध्याच्याही मागे.

खांदेरी उत्तर (मुंबई)

तुमचा शिवणारा तुम्हाला सापडला असं मला वाटतं.

दोन गोष्टी राहिल्या. फुल बॅटनबद्दल: त्यांनी शीड फडफडत नाही, म्हणून कापडातलं रेझिन लवकर मोडत नाही आणि आयुष्य वाढतं, हे खरं. पण लांब बॅटन डोलकाठीवर पुढे रेटतात, साध्या स्लाइड अडकतात आणि रीफ घेताना, जेव्हा सर्वांत घाई असते तेव्हा, शीड खाली येत नाही. त्यासाठी डोलकाठीवरून सहज सरकणाऱ्या बॅटनच्या वेगळ्या गाड्या लागतात, त्यांचा खर्च शिडाच्या खर्चात धरा. मी वरचे दोन पूर्ण आणि खालचे दोन आखूड असे घेतले आहेत. सात सीझन समाधानी आहे.

दुसरं सीमाशुल्क. आपल्याकडे ६३०६ या शीर्षकाखाली ताडपत्री, तंबू आणि शिडं एकत्र येतात. वाहतुकीचा खर्चही किमतीत धरून त्यावर शुल्क आणि कर लागतो, म्हणून हवाई वाहतूक महाग पडली की सगळंच वाढतं. बिलावर 'बोटीचं शीड' असं स्वच्छ लिहून घ्या, आणि ऑर्डर देण्याआधी कस्टम एजंटकडून रक्कम लेखी काढा. ती धरूनही मोठ्या नावाच्या खाली राहिलात तर पुढे जा.

मापाचं: डोलकाठी आडवी आहे हे चांगलंच. लफची लांबी आत्ता नीट मिळेल, हॅलयार्डला टेप बांधून वर ओढावा लागणार नाही. स्टीलचा टेप वापरा, कापडी नको. हॅलयार्डची पुली जिथे थांबते तिथून टॅकच्या पिनपर्यंत. त्यातून शॅकल (जोडकडी) आणि शिडाच्या वरच्या टोकाच्या फळीची जागा शिवणारा वजा करेल, तुम्ही करू नका. बॅकस्टेचं अंतर मात्र डोलकाठी उभी झाल्यावरच कळेल, तेवढ्यासाठी बोटीच्या मूळ आराखड्यावरून काम चालवा आणि लीचचा फुगवटा थोडा कमी सांगा.

गोदाकाठ (नाशिक)

काका, एजंटचा आकडा आला. सगळं धरून १ लाख ७८ हजारांपर्यंत जातंय, ७ औंसाचं कापड, तिहेरी शिवण, वरचे दोन बॅटन पूर्ण, गाड्यांसह. मेहुण्याशी बोललो, तो हो म्हणाला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मापं पोहोचली तर सप्टेंबरअखेर शीड निघेल असं त्यांनी लिहून दिलंय.

जुनं शीड मुंबईच्या त्या कारखान्यात देतोय, वरच्या शिवणी पुन्हा मारायला. राखीव म्हणून बोटीत राहील, गोव्याला जाताना लागेल. ताई, झाकणासाठी बूमचं माप घेऊनच येतो, पुढच्या गुरुवारी देवळालीला येऊ का? येवल्याचे दादा, नवीन शीड आलं की कापडाचा उरलेला तुकडा मागवून घेतलाय, तो तुमच्यासाठी. मागावर धरून बघा आणि काय वाटलं ते इथे लिहा.

या रविवारी सकाळी आठला यार्डात आहे. अठरापैकी पाच मापांना टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतो आणि मेहुण्याचा खांदा अजून वर जात नाही. मुंबईतलं कुणी येऊ शकत असेल तर सांगा. पोहे नाशिकहून घेऊन येतोय.

खांदेरी उत्तर (मुंबई)

येतो. माझा तीस मीटरचा स्टील टेपही आणतो, प्रत्येक माप दोन टेपांनी घेऊ.